चित्रातलं दुःख चेहऱ्यावर का नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कला महाविद्यालयात शिकतो. आजोबा गेल्यानंतर आजीचं तैलचित्र करायला घेतलंय. डोळ्यांत पाणी, कपाळावर आठ्या, मागे काळोख, चेहऱ्यावर निळसर छटा, सगळं केलं. तरी बघणारे म्हणतात की नाटकी वाटतं. जेरिको, फ्रीडरिख, देलाक्रवा या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय चित्रकारांच्या चित्रांतलं दुःख मात्र दोनशे वर्षांनंतरही लागतं. ही मंडळी नेमकं काय करत होती? आणि त्यांच्या चित्रांतला तो खोल, उबदार तपकिरी काळोख कोणत्या रंगाने येतो?"

मी बरीच वर्षं तैलरंगात काम करतो आणि शिकवतोही, त्यामुळे उत्तर रंगवणाऱ्याच्या बाजूने देतो. ही मंडळी ज्या स्वच्छंदतावादी (रोमँटिक) चळवळीतली, तिची व्याख्या, तिचा काळ, तिच्यामागचं तत्त्वज्ञान हे सगळं पुस्तकांत मिळेल.

तुमच्या आजीच्या चेहऱ्यावर तुम्ही जे केलंय, ते युरोपात सतराव्या शतकातच ठरवून झालं होतं. फ्रान्सच्या राजाचा चित्रकार शार्ल ल ब्रूं याने 1668 साली पॅरिसच्या अकादमीत भावदर्शनावर व्याख्यान दिलं. भीती, क्रोध, आश्चर्य, शोक अशा एकेका भावाचा चेहरा त्याने रेखाटून दाखवला. सगळ्यात जास्त भर भुवईवर होता. शोकात भुवयांची आतली टोकं वर जातात, तोंडाचे कोपरे खाली येतात, डोळे अर्धवट मिटतात. ही रेखाचित्रं पुढे छापली गेली आणि शंभर-सव्वाशे वर्षं विद्यार्थी ती गिरवत राहिले. अठराव्या शतकात तर अकादमीत नुसतं भाव दाखवणारं डोकं रंगवण्याची स्पर्धाच सुरू झाली. याचा कळस बघायचा असेल तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ग्रझ या फ्रेंच चित्रकाराचं 1778 सालचं चित्र आहे. घर सोडून गेलेला मुलगा परततो तेव्हा बाप नुकताच गेलेला असतो. आई, बहिणी, लहान मुलं, प्रत्येकाला शोकाची स्वतंत्र मुद्रा आणि स्वतंत्र हातवारे दिलेत. कुणीही मोकळं सोडलेलं नाही. त्या काळात लोकांना हे फार आवडायचं. आज आपण त्यासमोर उभे राहिलो की प्रत्येक आकृतीचा अभिनय तपासत बसतो, रडू काही येत नाही.

आपल्या रसशास्त्रात अश्रू, निःश्वास, छाती पिटणं यांना अनुभाव म्हणतात. अनुभाव हे भावाचं बाहेर दिसणारं चिन्ह, आणि विभाव म्हणजे तो भाव ज्यामुळे जागा होतो ती गोष्ट, ती परिस्थिती. तुमच्या चित्रात अनुभाव भरपूर आहेत, विभाव मात्र कुठेच नाही. आजी रडतेय हे दिसतं. तिचं काय गेलंय ते चित्रात नाही.

यात दोष तुमचा एकट्याचा नाही. आपल्याकडे तैलरंग रुजला तो एका बाजूने 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या शिक्षणातून आणि दुसऱ्या बाजूने राजा रविवर्म्यामुळे. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली चित्रं घराघरांत लागली. त्या चित्रांमधल्या बायका गालाला हात लावून, मान कलती करून, नजर खाली घालून बसतात, आणि कथा माहीत असलेल्याला त्या मुद्रेवरून प्रसंग ओळखता येतो. पौराणिक कथा सांगायला ही रीत चोख होती. पण तुमच्या आजीची कथा बघणाऱ्याला माहीत नाही, त्यामुळे त्याच्या हाती फक्त मुद्रा उरते.

आता जेरिको. त्याचं 'मेड्युसाचा तराफा' पॅरिसच्या 1819 सालच्या सालों प्रदर्शनात लागलं. 491 बाय 716 सेंटिमीटर, म्हणजे 16 फूट उंच आणि 23 फुटांहून रुंद. लूव्रच्या देनों विभागात ते आजही आहे. प्रसंग तेव्हा ताजा होता. 2 जुलै 1816 ला मेड्युसा नावाची फ्रेंच फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर रुतली. कप्तानाने वीसेक वर्षांत जहाज चालवलेलं नव्हतं. राजघराण्याशी निष्ठा म्हणून त्याला ते पद मिळालं होतं. होड्या कमी पडल्या, तेव्हा जहाजाचीच लाकडं बांधून तराफा केला आणि जवळजवळ दीडशे माणसं त्यावर चढवली. होड्यांनी तो ओढून न्यायचा, असं ठरलं होतं. त्यांनी दोर सोडून दिले. 13 दिवसांनी 'आर्गस' नावाचं जहाज पोचलं तेव्हा 15 जण जिवंत होते. मधल्या दिवसांत मारामाऱ्या झाल्या, माणसांनी माणसाचं मांस खाल्लं. वाचलेल्यांपैकी शल्यवैद्य साव्हिन्यी आणि अभियंता कोरेआर या दोघांनी 1817 साली हे सगळं छापून प्रसिद्ध केलं. सरकारची नाचक्की झाली.

हा मजकूर हातात असताना जेरिकोने कोणता क्षण निवडला ते बघा. बंडाळीचं रेखाटन त्याने करून पाहिलं, नरमांसभक्षणाचं केलं, सुटकेचंही केलं. शेवटी निवडला तो क्षण म्हणजे आर्गस पहिल्यांदा क्षितिजावर दिसलं तो. त्यानंतर ते दिसेनासं झालं आणि सुमारे दोन तासांनी परत आलं. चित्रातली माणसं फडकी हलवताहेत आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नाही. आधीच्या अभ्यासचित्रांत आर्गस बऱ्यापैकी मोठं आहे. अंतिम चित्रात ते क्षितिजावरचा एक ठिपका आहे, न सांगितलं तर दिसतही नाही. माझ्या मते चित्रातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. जहाज लहान करत नेल्याबरोबर चित्रातली आशा लहान झाली. त्यासाठी एकाही चेहऱ्यावरची रेष बदलावी लागली नाही.

दुसरं, शीड. ते वाऱ्याने डावीकडे फुगलंय आणि जहाज उजवीकडे आहे. म्हणजे वारा या लोकांना सुटकेपासून लांब नेतोय. पहिल्यांदा बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण डोळ्याला ती ओढाताण जाणवते. सगळी शरीरं उजवीकडे वर चढत जाताहेत, त्यांच्या टोकाला एक कृष्णवर्णीय माणूस फडकं उंच धरून उभा आहे, आणि तो पूर्ण पाठमोरा आहे. एवढ्या प्रचंड चित्राच्या शिखरावर चेहराच नाही.

आता डावीकडे खाली या. पिकल्या दाढीचा एक म्हातारा मांडीवर मुलाचं प्रेत घेऊन बसलाय. डोक्यावरून पाठीवर लालसर कापड, एक हात डोक्याला टेकलेला, दुसरा मुलाच्या छातीवर. तो जहाजाकडे बघत नाही. जहाजाकडे त्याची पाठ आहे. रडतही नाही, ल ब्रूंच्या तक्त्यातला कोणताच भाव त्याच्या चेहऱ्यावर नीट बसत नाही. जिकडे सगळे चढताहेत त्याच्या उलट दिशेला तो तोंड करून बसलाय, एवढ्यावरच त्याचं दुःख उभं आहे. विद्यार्थ्यांना मी हे चित्र दाखवताना त्या म्हाताऱ्याचा चेहरा अंगठ्याने झाकायला लावतो. चेहरा झाकला तरी काही कमी होत नाही. ग्रझच्या चित्रातल्या आकृत्यांवर हाच अंगठा ठेवून बघा, आकृती रिकामी होते.

जेरिकोने यासाठी केलेली तयारी बरीच सांगितली जाते. डोकं भादरून घेतलं आणि बाहेर जाणं बंद केलं. वाचलेल्या सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली. जवळच्या बोझों इस्पितळात मरणासन्न माणसं बघितली, कापलेले हातपाय आणि मुंडकी कार्यशाळेत आणून रंगवली. ते सगळं खरं आहे. पण अंतिम चित्रात काय उतरलं ते बघा: 13 दिवस उपाशी असलेली माणसं चांगली पिळदार अंगाची आहेत! सडकं मांस त्याने जवळून पाहिलं, त्याचे रंग उचलले, आणि शरीरं मिकेलांजेलोच्या वळणाची ठेवली. हे खोटं आहे अशी टीका करता येते. मला ते बरोबर वाटतं, कारण हाडांचे सापळे रंगवले असते तर आपण दया करून मोकळे झालो असतो. धडधाकट शरीर असं निकामी होऊन पडलेलं बघताना तशी सुटका मिळत नाही. तरुण देलाक्रवा या चित्रातल्या एका पालथ्या आकृतीसाठी मॉडेल म्हणून पडून राहिला होता. चित्र होत असताना पाहून आपण रस्त्यातून वेड्यासारखे पळत घरी गेलो, असं त्याने नंतर सांगितलंय.

तुम्ही व्यक्तिचित्र करताय, म्हणून तराफ्यापेक्षा जेरिकोची नंतरची पाच चित्रं तुमच्या जास्त कामाची आहेत. 1824 साली, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी तो गेला. त्याआधीच्या काही वर्षांत त्याने मनोरुग्णांची व्यक्तिचित्रं केली. दहा केली होती असं म्हणतात. 1863 साली बाडेन-बाडेनमध्ये त्यातली पाच एकत्र सापडली. आज ती पाच वेगवेगळ्या शहरांत आहेत. लिओंला आहे ती मत्सराने पछाडलेली म्हातारी, पांढऱ्या टोपीतली. हे चित्र इंटरनेटवर जितकं मोठं मिळेल तितकं मोठं करून बघा. हातवारे नाहीत, हातच नाहीत. मागे कसलीही कथा नाही, साधा गडद पडदा. पापण्यांच्या कडा लालसर, नजर आपल्यावर नाही आणि समोरच्या कोणत्या वस्तूवरही नाही. बाई आपल्याला काही सांगत नाही, काही मागत नाही. तुमची आजी बघणाऱ्याला काहीतरी मागतेय, तिथेच घोटाळा आहे. फोटो काढताना आपण कॅमेऱ्याकडे बघतो ना, तशी ती आपल्याकडे बघून रडतेय. तिची नजर आधी चित्राबाहेर काढा. अश्रू पुसून टाका आणि फक्त खालच्या पापणीच्या कडेला लाल गेरूचा पातळ हात फिरवा. रडून बराच वेळ झालेला चेहरा रडणाऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतो, आणि रंगवायलाही सोपा असतो.

मग अश्रू कधीच दाखवायचे नाहीत का? देलाक्रवाची 'स्मशानातली अनाथ मुलगी' बघा, लूव्रमध्येच आहे, 1824 च्या सुमाराची, दोन फुटांहून थोड्या जास्त उंचीची. ग्रीसच्या कीऑस बेटावरच्या हत्याकांडाच्या त्याच्या मोठ्या चित्राच्या तयारीतलं हे काम मानतात. तिच्या डोळ्यात पाणी आहे, तोंड किंचित उघडं आहे, खांद्यावरून कपडा घसरलाय. कागदावर लिहिलं तर ग्रझच वाटेल. पण मान वळवून ती वर, चौकटीबाहेर कशाकडे तरी बघतेय, आणि ते काय आहे ते आपल्याला दिसत नाही. मांडीवरचा हात पूर्णपणे सैल पडलाय. चेहरा ताणलेला आणि हात मेलेला, या दोन गोष्टी एकाच शरीरात एकत्र आल्या की अश्रू खपून जातो. हात नीट रंगवायला शिका, असं मी याच कारणासाठी सांगत असतो. चेहऱ्याने खोटं बोलता येतं हे बघणाऱ्याला माहीत असतं, हाताच्या बाबतीत तो एवढा सावध नसतो.

आता रिकामी जागा. कास्पार डाव्हिड फ्रीडरिखचं 'समुद्राकाठचा संन्यासी' बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. 1808 ते 1810 या काळातलं. खाली फिकट वाळूची पट्टी, मध्ये जवळजवळ काळा समुद्र, आणि उरलेलं सगळं, चित्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग, आकाश. पट्टीवर बोटाएवढा एक माणूस. बस. 1810 साली बर्लिनला ते लागलं तेव्हा लोक गोंधळले. हाइनरिख फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाने लिहिलं की चित्र बघताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारख्या वाटतात. प्रशियाच्या राजाने ते विकत घेतलं, ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते.

चित्रकाराच्या दृष्टीने त्यातली सगळ्यात उपयोगाची माहिती अवरक्त किरणांच्या तपासणीतून मिळाली. फ्रीडरिखने आधी समुद्रावर जहाजं काढली होती, डावीकडे आणि उजवीकडे. नंतर ती त्याने घालवली. जहाजं ठेवली असती तर तो वाट बघणारा माणूस झाला असता. आपण लगेच विचारलं असतं, कोण येतंय, कोण गेलंय? जहाजं गेल्यावर वाट बघायलाही काही उरलं नाही. आकाशसुद्धा त्याने अनेकदा बदललं. ही रिकामी जागा आयती मिळालेली नाही, एकेक वस्तू काढून ती तयार केलेली आहे.

फ्रीडरिखबद्दल बोलताना लोक लगेच त्याच्या लहानपणाकडे जातात. तो सहा-सात वर्षांचा असताना आई गेली. तेरा वर्षांचा असताना, 1787 साली, भाऊ पाण्यात बुडून गेला, आणि तो बहुधा याला वाचवायला गेला होता. हे माहीत असायला हरकत नाही. पण त्याच्या एकाही प्रसिद्ध चित्रात बुडणारा मुलगा नाही. दुःख झालेल्या माणसाने दुःखाचा प्रसंग रंगवला, असा सरळ हिशेब त्याच्याकडे लागत नाही. स्वतःच्या आत काही दिसत नसेल तर चित्रकाराने समोरचंही रंगवू नये, असं तो म्हणायचा. विद्यार्थी याचा अर्थ 'भावना ओता' असा लावतात. त्याची चित्रं बघा, भावना ओतल्याची एक खूण दिसत नाही. पातळ थर, ब्रशचा माग पुसलेला, पेन्सिलने आखून घेतलेली रचना. जर्मन पोस्टमनसारखं शिस्तीचं काम आहे ते.

आता तुमच्या मागच्या काळोखाकडे वळतो. तुम्ही काळा रंग जाड आणि सपाट लावलाय, म्हणून तो पडदा झालाय. आजी पडद्यासमोर बसली आणि रंगमंच आपोआप तयार झाला. नाटकी वाटण्याचं अर्धं कारण हेच आहे. फ्रीडरिखची रिकामी जागा मागे जाते, कारण थर पातळ आहेत आणि खालचा फिकट अस्तराचा थर त्यातून थोडा उजेड देतो. पार्श्वभूमी खरवडून काढा. रॉ अंबर हा तपकिरी माती-रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीने घासा, कॅनव्हासचं विणकाम दिसत राहील इतकं पातळ. आणि आजीला मधून हलवा. कॅनव्हासच्या एका बाजूला बसवा आणि दुसऱ्या बाजूला जागा सोडा, आजोबांएवढी. तिथे रिकामी खुर्ची ठेवू नका. रिकामी खुर्ची ही आता इतकी वापरून झालेली युक्ती आहे की ल ब्रूंच्या भुवयांच्याच रांगेत ती बसते.

दुःख माणसाशिवाय रंगवता येतं का, याला इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलचं 'हॅडली कॅसल' हे उत्तर आहे. जॉन कॉन्स्टेबल 1814 साली एसेक्समधल्या त्या पडक्या किल्ल्यावर गेला होता, तेव्हा त्याने एक छोटं पेन्सिल-रेखाटन केलं आणि मारिया बिकनेलला पत्रात त्या जागेबद्दल लिहिलं. दोघांचं लग्न व्हायचं होतं, घरच्यांचा विरोध होता. ते 1816 साली झालं. नोव्हेंबर 1828 मध्ये मारिया क्षयाने गेली. मागे सात मुलं. यापुढे मला पूर्वीसारखं काही जाणवणार नाही, माझ्यासाठी जगाचा चेहराच पालटलाय, असं त्याने भावाला लिहिलं. आणि मग चौदा वर्षांपूर्वीचं ते रेखाटन काढून त्यावरून त्याने जवळजवळ साडेपाच फूट रुंदीचं चित्र केलं. नव्याने किल्ल्यावर जाऊन रेखाटनं केल्याचं दिसत नाही. ज्या जागेचं वर्णन त्याने तिला लिहिलं होतं, त्या जागेचं तेव्हाचंच रेखाटन त्याने वापरलं. 1829 साली ते रॉयल अकादमीत लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत तो अकादमीचा पूर्ण सदस्य झाला होता, तोही एका मताने.

अंतिम चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि त्याच मापाचं कच्चं तैलचित्र लंडनला टेट संग्रहालयात. दोन्ही शेजारी ठेवून बघा, यासारखा धडा नाही. अंतिम चित्रात बुरूज, गुराखी, गाई, ढगांतून समुद्रावर पडणारा उजेड, सगळं नीट लागलंय. कच्च्या चित्रात रंग चाकूने आणि ब्रशने खरवडल्यासारखा बसलाय, पांढऱ्याचे तुकडे गवतावर उडालेत, आकाश आणि जमीन एकाच रागाने रंगवलीय. वरपासून खालपर्यंत चिरलेला तो बुरूज दोन्हीकडे तोच आहे. बघणाऱ्याला बुरुजाआधी हाताचा वेग जाणवतो. मला विचाराल तर कच्चं चित्र श्रेष्ठ. कॉन्स्टेबलने ते लोकांसमोर कधी ठेवलं नाही, त्याच्या काळात ते ठेवण्यासारखं मानलंही गेलं नसतं.

यातून 'जोरात रंगवा' असा धडा मात्र काढू नका. फ्रीडरिखने हाताचा माग पुसला, कॉन्स्टेबलने राहू दिला, आणि दोन्ही चालतं. चालत नाही ते म्हणजे चेहरा गुळगुळीत ठेवून फक्त पार्श्वभूमीला उगाच जाड फटकारे मारणं. तुमच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात ते आहे.

निळ्या रंगाबद्दल थोडं. दुःख म्हणजे निळं ही समजूत या काळातल्या चित्रांवरून सिद्ध होत नाही. तराफ्याचं सगळं चित्र गेरू, सिएना, काळे आणि तपकिरी यांत आहे. प्रशियन ब्लू पॅलेटवर होता, पण चित्रावर त्याचं राज्य नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या घराच्या भिंतीवरच्या काळ्या चित्रांपैकी जे 'कुत्रा' म्हणून ओळखलं जातं, त्यात एक डोकं आणि वर सगळी पिवळट माती-रंगाची पोकळी आहे. समुद्रात दफन केलेल्या डेव्हिड विल्की या चित्रकार मित्राच्या स्मरणार्थ इंग्लिश चित्रकार टर्नरने 1842 साली चित्र केलं. त्यातली शिडं इतकी काळी आहेत की दुसऱ्या एका चित्रकाराने हरकत घेतली. याहून काळा रंग असता तर तोच लावला असता, असं टर्नरने उत्तर दिलं. त्या काळ्याला बळ मिळतं ते मात्र मध्ये पेटलेल्या नारिंगी उजेडामुळे. तुमच्या चित्रात चेहरा थंड आणि मागचंही थंड, त्यामुळे दोन्ही एकमेकांत बुडतात. आजीच्या चेहऱ्यावरचा निळा काढा. सावलीत हवाच असेल तर टेर व्हर्ट हा हिरवट माती-रंग घ्या, त्यावर उबदार त्वचेचा रंग पातळ फिरवा.

शेवटी तो तपकिरी काळोख. त्याचं एक उत्तर आहे बिट्युमेन, म्हणजे सरळ डांबरच, तेलात विरघळवलेलं. लावल्याबरोबर इतकं सुंदर दिसतं, खोल आणि पारदर्शक, की त्या पिढीला त्याचा मोह आवरला नाही. जेरिकोच्या पॅलेटवर ते होतं. पण डांबर पूर्ण वाळतच नाही. वरचा थर वाळतो, खालचं हलत राहतं, वर्षांनी मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात आणि सगळं काळवंडत जातं. तराफ्याचं चित्र इतकं काळं पडायला लागलं की 1859-60 साली दोन चित्रकारांकडून त्याची पूर्ण मापाची नक्कल करून घ्यावी लागली. ती आता आमियांच्या संग्रहालयात आहे. आज लूव्रमध्ये आपण जो गूढ काळोख बघतो त्यातला काही भाग जेरिकोने रंगवलेला नाही, तो त्याच्या सामग्रीने नंतर आपणहून केलाय. त्यामुळे त्याची छटा जशीच्या तशी जुळवायला जाऊ नका.

दुकानात आज 'बिट्युमेन' नावाने ट्यूब मिळाली तरी ती बहुतेक नक्कल असते, आणि खरी असली तर घेऊ नका. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचं मिश्रण करा, थोडं अलिझरीन (गडद लाल) घाला. पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, म्हणून तीन-चार थरांत लावलं की तोच खोलपणा येतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे ते लवकर वाळतं, खालच्या थराला उत्तम. आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, तो खाली जाड लावू नका, वरचं तडकेल. खालच्या थरांत जवसाचं तेल कमी, वरच्या थरांत जास्त, हा क्रम मोडायचा नाही.

आणि तुम्ही कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात ग्लेझचे थर घाईने एकावर एक चढवू नका. दमट हवेत थर वरून वाळल्यासारखा वाटतो, बोट दाबलं की ठसा उठतो. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे हवा खेळू द्या, नाहीतर मागच्या बाजूने बुरशी धरते. पंखा चालेल, उन्हात ठेवू नका. वॉर्निशची घाई तर अजिबात नको. जाड थर असतील तर सहा महिने ते वर्षभर थांबा, तोवर चित्र मंद दिसलं तरी तसंच राहू द्या.